डाव्या हाताचा नियम पाठ, तरी बलाची दिशा उलटी: चूक शोधायची कुठे?

तक्रार दरवर्षी त्याच शब्दांत येते. "काकू, रूल पाठ आहे, हात पण डावाच धरला होता, तरी आन्सर उल्टं आलं." इंदूरच्या राजेंद्रनगरात मी दहावी-बारावीच्या मुलांना घरी फिजिक्स शिकवते. या मुलांच्या घरात मराठी, शाळेत हिंदी नाहीतर इंग्रजी, म्हणून आमच्या ओट्यावर करंट, धारा आणि विद्युतधारा एकाच वाक्यात सुखाने नांदतात. प्री-बोर्डच्या आधीचा आठवडा म्हणजे डावा हात वाकडातिकडा करून बसलेली पोरं. कुणी मनगट पिरगाळतं, कुणी वहीच गोल फिरवतं, एक जण तर उत्तर सुलटं यावं म्हणून खुर्चीवर उलटा बसला होता.

प्रश्न एवढाच असतो की धारा वाहणारी तार चुंबकीय क्षेत्रात ठेवली, तर तिच्यावरचं बल कुठल्या बाजूला? नियमही छोटा. डाव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट एकमेकांशी काटकोनात धरा. तर्जनी क्षेत्राकडे, मधलं बोट धारेकडे, मग अंगठा दाखवेल ते बल. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकवणाऱ्या जॉन ॲम्ब्रोस फ्लेमिंगच्या नावाने तो ओळखला जातो. उत्तर चुकलं की मुलं पहिला संशय हातावर घेतात. मला मात्र चुकून उजवा हात धरलेला मुलगा वर्षात एखादाच सापडतो. बाकीच्यांची चूक बोटं उचलण्याच्या आधीच होऊन गेलेली असते, आणि ती शोधायची तर हाताकडे बघून उपयोग नाही.

आधी बघा, चुकलंय किती?

"चुकलं" एवढ्यावर थांबू नका. बरोबर उत्तराच्या अगदी विरुद्ध आलंय, की भलत्याच रेषेत आलंय? हे दोन वेगळे आजार आहेत आणि त्यांची औषधं वेगळी.

बल हे धारेलाही काटकोनात असतं आणि क्षेत्रालाही. त्यामुळे धारा आणि क्षेत्र कुठल्या रेषेत आहेत हे नीट कळलं, की बलासाठी एकच रेषा उरते. उरलेली शंका फक्त या टोकाला की त्या टोकाला, एवढीच. आता गंमत बघा: क्षेत्र आणि धारा योग्य रेषेत धरली असेल, तर बोटांची कितीही अदलाबदल केली तरी उत्तर त्या एका रेषेबाहेर जाऊच शकत नाही. फार तर उलटं होईल. म्हणजे तुमचं उत्तर क्षेत्राच्या रेषेत किंवा तारेच्या लांबीच्या दिशेने आलं असेल, तर बोटं निर्दोष आहेत. तुम्ही आकृतीच चुकीची वाचली आहे.

आणि उत्तर बरोब्बर विरुद्ध आलं असेल, तर कुठेतरी एक पालट झालेला आहे. एक किंवा तीन, म्हणजे विषम. दोन पालट झाले तर उत्तर सुलटं येतं आणि चूक कुणालाच दिसत नाही. त्याबद्दल पुढे सांगते, कारण माझ्या मते खरं दुखणं तेच आहे.

भलत्याच रेषेत उत्तर येतं तेव्हा

इथे मुख्य गुन्हेगार म्हणजे लहानपणापासूनची समजूत: चुंबक ओढतो. नालाकृती चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये तार लटकवलेली दाखवली की मूल सांगतं, तार उत्तर ध्रुवाकडे जाईल. का? तर चुंबक आहे ना! पण तार तांब्याची आहे, प्रयोगात दांडी ॲल्युमिनियमची असते. चुंबक यांना लोखंडासारखं ओढत नाही, आणि दांडी ॲल्युमिनियमची घेतात तीही याचसाठी. लोखंडाची घेतली असती तर धारा सुरू करायच्या आधीच चुंबकाला चिकटून बसली असती. धारा सुरू झाल्यावर दांडी कुठल्याच ध्रुवाकडे जात नाही. ध्रुवांच्या फटीतून आत किंवा बाहेर झुलते. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुन्हा विसरत नाही, वाचून मात्र दहा वेळा विसरतं.

दुसरी भेसळ उजव्या हाताच्या अंगठ्याच्या नियमाची. त्या नियमाने (अंगठा धारेकडे, मुठीची बोटं वळतात तिकडे क्षेत्र) तारेभोवती तार स्वतः जे क्षेत्र तयार करते त्याची दिशा मिळते. मुलं तेच गोल क्षेत्र उचलून डाव्या हाताच्या तर्जनीवर बसवतात. सरळ तार स्वतःच्या क्षेत्राने स्वतःला ढकलत नाही. तर्जनीला बाहेरच्या चुंबकाचं, पृथ्वीचं किंवा शेजारच्या दुसऱ्या तारेचं क्षेत्र हवं. दोन समांतर तारांच्या गणितात तर हा गोंधळ हमखास होतो: पहिल्या तारेचं क्षेत्र दुसऱ्या तारेच्या जागी काढायचं, आणि मग दुसरीची धारा घ्यायची. एकाच दिशेने धारा असलेल्या तारा जवळ येतात. तुमच्या हातांनी त्या दूर ढकलल्या, तर क्षेत्र कुठल्या जागचं घेतलं ते तपासा.

तिसरं कारण भाषेतच आहे. आपल्याकडे "वर" या शब्दाला दोन दिशा आहेत, पानाच्या वरच्या कडेला आणि आभाळाकडे. हिंदीतल्या "ऊपर"चंही तेच. वही टेबलावर आडवी असताना या दोन दिशा काटकोनात असतात, आणि गणितात "बल वर" लिहिलं की कुणाला काय कळलं ते देवच जाणे. आमच्याकडे म्हणून "वर" शब्दाला बंदी आहे. पानाच्या कडेला "शिरोरेषेकडे" म्हणायचं आणि दुसऱ्याला "पंख्याकडे". वही टेबलावर आडवीच ठेवायची. मग आकृतीत क्षेत्र किंवा धारा दाखवणारी फुली म्हणजे जमिनीकडे आणि ठिपका म्हणजे पंख्याकडे, हे हाताला कळतं. फुली ही दूर जाणाऱ्या बाणाची पिसं, ठिपका हे आपल्याकडे येणारं टोक, हे मुलांना माहीत असतं. पण वही हातात उभी धरून ती बोट भिंतीकडे करतात, मग वही खाली ठेवतात आणि बोट तसंच राहतं.

अगदी उलटं येतं तेव्हा

इथे पाच-सहा जागा आहेत. सगळ्या सारख्या महत्त्वाच्या नाहीत, म्हणून ज्या मला जास्त भेटतात त्यांवरच बोलते.

बोटांचं आधी उरकून टाकू. तर्जनी आणि मधल्या बोटाची कामं आपसांत बदलली की उत्तर उलटं. कुठल्याही दोन बोटांची अदलाबदल केली तरी तेच. पण तिन्ही बोटांनी आपापली कामं एकेक जागा पुढे सरकवली, म्हणजे अंगठा क्षेत्र, तर्जनी धारा आणि मधलं बोट बल, तर उत्तर बरोबर येतं. मागे एक मुलगी असंच करायची, मी तिला दोन महिने रागावले, आणि मग कागदावर मांडून बघितल्यावर तिची माफी मागितली. लक्षात ठेवायला मराठीत सोपं आहे: अंगठा दाबतो, म्हणून बल, तर्जनी वाट दाखवते, म्हणून क्षेत्र, उरलं ते धारेचं.

बारावीत गेल्यावर वेगळाच घोटाळा होतो. तिथे सदिश गुणाकार येतो आणि त्याला उजवा हात लागतो: चार बोटं धारेच्या दिशेने, ती क्षेत्राकडे वळवायची, अंगठा म्हणजे बल. दहावीत डावा, बारावीत उजवा, तरी उत्तर एकच कसं? कारण हात बदलला तसा क्रमही बदलला. दहावीच्या नियमात अंगठ्यानंतर क्षेत्र आधी आणि धारा नंतर; बारावीत धारा आधी, क्षेत्र नंतर. दोन पालट, हिशोब मिटला. ज्याने फक्त हात बदलला आणि क्रम जुनाच ठेवला, त्याचं वर्षभर उलटं येत राहतं. बारावीच्या मुलांना मी सांगते, डावा हात आता खिशात ठेवा.

आता ध्रुव. चुंबकाबाहेर क्षेत्र उत्तर ध्रुवाकडून दक्षिण ध्रुवाकडे जातं, हे सगळ्यांना येतं. चूक होते ती पृथ्वीपाशी. "पृथ्वीचं क्षेत्र उत्तरेकडून दक्षिणेकडे" असं मुलं झोपेतही लिहितील. पण होकायंत्राच्या सुईचं उत्तर टोक उत्तरेला वळतं म्हणजे तिकडे पृथ्वी-चुंबकाचा दक्षिण ध्रुव आहे, आणि जमिनीलगत क्षेत्र दक्षिणेकडून उत्तरेकडे जातं. गच्चीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे धारा नेणारी आडवी तार घ्या. तर्जनी उत्तरेला, मधलं बोट पूर्वेला, अंगठा आभाळाकडे. म्हणजे तार उचलली जायला हवी. मग आपल्या गच्चीवरच्या तारा उडत का नाहीत? हिशोब करा. पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा भाग आपल्याकडे सुमारे ०.४ गॉस, म्हणजे ०.००००४ टेस्ला. धारा १० अँपिअर आणि लांबी १ मीटर धरली, तर बल ०.०००४ न्यूटन. साधारण ४० मिलिग्रॅम वजनाएवढं, मोहरीच्या दहाबारा दाण्यांइतकं. दिशा मात्र खरी आहे. बारावीवाल्यांसाठी एक पुरवणी: इंदुरात क्षेत्र आडवं नाही, उत्तरेला जाता जाता जमिनीत शिरतं. म्हणून त्या तारेवरचं बल सरळ आभाळाकडे न जाता उत्तरेला कललेलं असतं. कसं ते काढून बघा, चांगला सराव होतो.

इलेक्ट्रॉन आला की

सगळ्यात जास्त गुण इथे जातात, म्हणून इथे जरा थांबू.

धारेची दिशा म्हणजे धन प्रभार जिकडे गेला असता ती दिशा. तारेत प्रत्यक्षात इलेक्ट्रॉन उलटीकडे सरकत असतात. हे वाक्य मुलांना इतकं आवडतं की प्रश्नात "विद्युतधारा पूर्वेकडे" असं दिलेलं असलं तरी ती हुशारी दाखवून उलटवतात. प्रश्नात कोणता शब्द आहे ते बघा. धारा लिहिलं असेल तर हात लावू नका. प्रोटॉन किंवा अल्फा कण असेल तरी नाही, दोन्ही धन प्रभाराचेच. इलेक्ट्रॉन असेल तर एकदा उलटवा, आणि उलटवलं हे वहीत बाणाने दाखवा. मनातल्या मनात उलटवलं की पाच मिनिटांनी पुन्हा उलटवलं जातं.

आमच्या वस्तीत याला घरचं उदाहरण आहे. जवळच कॅट ही संशोधन संस्था आहे. सध्याचं नाव राजा रामण्णा प्रगत प्रौद्योगिकी केंद्र, १९८४ साली पायाभरणी झाली तेव्हा ते सेंटर फॉर ॲडव्हान्स्ड टेक्नॉलॉजी होतं, आणि इथे अजून सगळे कॅटच म्हणतात. तिथे इंडस-२ नावाचं वर्तुळाकार यंत्र आहे, घेर सुमारे १७२ मीटर, आणि त्यात २.५ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन फिरत ठेवतात. ते वळतात ते याच बलाने. मी मुलांना विचारते: समजा वरून बघताना इलेक्ट्रॉन घड्याळाच्या काट्यांसारखे फिरत आहेत, तर वळवणाऱ्या चुंबकाचं क्षेत्र पंख्याकडे की जमिनीकडे?

यंत्राच्या पूर्वेच्या टोकाला उभे राहा. तिथे इलेक्ट्रॉन दक्षिणेकडे जातोय, म्हणजे धारा उत्तरेकडे. बल केंद्राकडे हवं, म्हणजे पश्चिमेला. डाव्या हाताचं मधलं बोट उत्तरेला, अंगठा पश्चिमेला. तर्जनी आपोआप जमिनीकडे जाते. इलेक्ट्रॉन उलटवायला विसरलात तर आभाळाकडे जाईल, आणि कण बाहेरच्या भिंतीत.

याच उदाहरणात एक मुलगा अडला होता. १७२ मीटर घेर, म्हणजे त्रिज्या २७ मीटर, मग १.५ टेस्लाच्या चुंबकात २.५ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचा इलेक्ट्रॉन साडेपाच मीटर त्रिज्येतच का वळतो असं गणित येतंय? दिशेचा प्रश्न नव्हता, पण अडला होता छान जागी. यंत्र पूर्ण गोल नाही. वळवणारे चुंबक १६ आहेत, प्रत्येकात इलेक्ट्रॉन साडेबावीस अंश वळतो आणि मधल्या भागांत सरळ जातो. सरळ भागांत हे वळवणारं क्षेत्र नाही, म्हणून तिथे बोटं उचलायचीच नाहीत.

तसंच क्षेत्र असून धारा त्याला समांतर असेल, तरीही बोटं उचलू नका. बल शून्य. डाव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट एका रेषेत आणताना जो त्रास होतो, तोच इशारा आहे. तिरकी तार असेल तर क्षेत्राचा तारेला काटकोनात असलेला भाग तेवढा धरा. दिशा त्यानेच ठरते, परिमाणात साइन येतो.

प्रयोगच उलटा होतो तेव्हा

वहीत सगळं बरोबर आणि टेबलावर उलटं, असंही होतं. मागच्या वर्षी दोन मुलींनी शाळेच्या मॉडेलसाठी आमच्या ओट्यावर प्रयोग मांडला. स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलची एक सेंटिमीटर रुंद, वीसेक सेंटिमीटर लांब पट्टी, जरा सैल सोडलेली. दोन बाजूंना जुन्या स्पीकरमधून काढलेले गोल चुंबक, लाकडाच्या ठोकळ्यांना घट्ट बांधलेले. एक टॉर्चचा सेल. हिशोबाने पट्टी उसळी मारून उठायला हवी होती. ती टेबलाला चिकटून बसली.

मी सेलची टोकं बघितली. टोपी म्हणजे धन, ठीक. स्पीकरच्या चकतीचे ध्रुव कडेला नसून दोन सपाट बाजूंवर असतात, हे त्यांना ठाऊक होतं. कोणती बाजू उत्तर ध्रुव ते त्यांनी शाळेतून आणलेल्या छोट्या होकायंत्राने ठरवलं होतं. रीतही बरोबर: सुईचं उत्तर टोक जिकडे ओढलं जातं तो चुंबकाचा दक्षिण ध्रुव. बोटं मी तपासली, त्यांनी माझी तपासली. तासभर गेला, चहा थंड झाला.

शेवटी मी ते होकायंत्र उचलून गच्चीवर नेलं, चुंबकांपासून दूर. जानेवारीतली दुपार, साडेबाराची वेळ. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावरची, इंदूर जवळजवळ ७६ अंशांवर, म्हणून इथे सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नव्हे, साडेबाराच्या आसपास. आणि आपण कर्कवृत्ताच्या जरासे दक्षिणेला, त्यामुळे जूनच्या आगेमागचे काही आठवडे सोडले तर भर दुपारची सावली उत्तरेलाच पडते. कठड्याजवळ काठी उभी केली. सावली एकीकडे आणि सुईचं लाल, म्हणजे उत्तर टोक बरोब्बर विरुद्ध बाजूला. सुईच उलटी झाली होती!

कुणीतरी ते होकायंत्र पेटीत चुंबकाला चिकटवून ठेवलं असणार. छोट्या सुईचं चुंबकत्व जोरदार चुंबकाजवळ सहज पालटतं, रंग मात्र तोच राहतो. तेव्हापासून माझा नियम आहे: होकायंत्रावर विश्वास ठेवण्याआधी त्याला सावली दाखवा. नाहीतर चुंबकच दोऱ्याने टांगा. स्थिर झाल्यावर जे टोक उत्तरेला राहील तो उत्तर ध्रुव. चकती टांगताना ती उभी टांगायची, म्हणजे सपाट बाजू उत्तर-दक्षिण बघतील. मोबाइलमधलं होकायंत्र चालेल, पण चुंबक त्याच्याजवळ नेऊ नका, बिनसतं. सुई सुधारायची असेल तर खात्रीच्या चुंबकाचा दक्षिण ध्रुव तिच्या शेपटाकडून लाल टोकापर्यंत काही वेळा एकाच दिशेने फिरवा, शेवट लाल टोकावर. पुन्हा सावलीशी ताडून बघा.

पट्टी उलटी न जाता हलतच नसेल तर कारणं वेगळी. दोन्ही चुंबकांच्या सारख्या बाजू समोरासमोर आल्या असतील, मग मधोमध क्षेत्र जवळजवळ उरतच नाही. हे मी सर्वांत आधी बघते. सेल जुना असेल. किंवा कुणी घंटीचा ट्रान्सफॉर्मर लावला असेल. त्याची धारा प्रत्यावर्ती, ५० हर्ट्झची, सेकंदात शंभर वेळा दिशा बदलते, पट्टी जागच्या जागी थरथरते आणि पोरं म्हणतात नियम चुकीचा आहे. घरच्या बॅटरी एलिमिनेटरची लाल-काळी वायर कुणी दुरुस्तीत अदलाबदल केलेली असू शकते. एलईडीला एक रोधक जोडून लावा. लांब पाय ज्या टोकाला असताना उजळेल ते धन टोक. घरच्या प्लगला आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीला मात्र फॉइल कधीही लावायची नाही. सेलवरही दोन-तीन सेकंदच, कारण तो जवळजवळ शॉर्ट सर्किटच असतो आणि पट्टी तापते.

उसळी किती हवी याचा अंदाज असू द्या. चुंबकांमधलं क्षेत्र ०.०५ टेस्ला, धारा २ अँपिअर, चुंबकांमधली लांबी ३ सेंटिमीटर धरली, तर बल ०.००३ न्यूटन, म्हणजे जेमतेम ०.३ ग्रॅम वजनाएवढं. अख्खी पट्टी ०.१ ग्रॅमचीसुद्धा नाही. एवढा फरक असताना ती हलली नाही, तर दोष जोडणीत आहे.

दोन चुका आणि पैकीच्या पैकी

आता ते दुखणं. एका मुलाने वहीत लिहिलं होतं: इलेक्ट्रॉन उजवीकडे जातोय, क्षेत्र फुलीचं, बल पानाच्या पायाकडे. उत्तर बरोबर, गुण मिळाले. मला त्याच्या कच्च्या कामात एकच बाण दिसला, म्हणून त्याला करून दाखवायला सांगितलं. त्याने इलेक्ट्रॉन उलटवलाच नाही, आणि फुली म्हणजे आपल्याकडे येणारं क्षेत्र समजला. दोन पालट, उत्तर सुलटं. त्याला मी फक्त एक शब्द बदलून दिला, इलेक्ट्रॉनच्या जागी प्रोटॉन. बल पानाच्या शिरोरेषेकडे यायला हवं. त्याचं पुन्हा पायाकडेच आलं. "पण काकू, काल तर बरोबर होतं!"

तुमचं उत्तर कधी बरोबर तर कधी उलटं येत असेल, तर हाच आजार समजा. कायम उलटं येणारा मुलगा एका दिवसात सुधारतो. याला वेळ लागतो, कारण त्याला आपल्या चुका बरोबर उत्तरांतूनच शोधायच्या असतात. उपाय: जुनी बरोबर आलेली पाच गणितं घ्या, प्रत्येकात एकच गोष्ट उलटवा, कण किंवा ध्रुव किंवा धारा, आणि उत्तर उलटं होतंय का बघा.

ताळा कसा करायचा

त्याच हाताने पुन्हा करणं म्हणजे ताळा नव्हे. तीच चूक पुन्हा होते. वेगळी रीत हवी. मी दोन शिकवते.

एक तळहाताची. उजवा हात, अंगठा धारेकडे, उरलेली बोटं क्षेत्राकडे, तळहात जिकडे बघतो तिकडे बल. प्रसाद घ्यायला आपण उजवा हात पुढे करतो ना, तसा करा. अंगठा उजवीकडे, बोटं समोर, तळवा आभाळाकडे. धारा उजवीकडे, क्षेत्र समोर, बल आभाळाकडे. डाव्या हाताने ताडून बघा, तेच येतं. मनगटही मोडत नाही.

दुसरी गर्दीची, आणि मला हीच खरी आवडते, कारण तिच्यात नियम पाठ असण्यापेक्षा काय चाललंय ते दिसतं. कागदावर डावीकडून उजवीकडे क्षेत्राच्या रेषा काढा. मधोमध तारेचा छेद, फुलीचा, म्हणजे धारा कागदात जाते. उजव्या हाताच्या अंगठ्याने तारेभोवतीचं तिचं स्वतःचं क्षेत्र काढा: घड्याळाच्या काट्यांसारखं. तारेच्या शिरोरेषेकडच्या बाजूला ते उजवीकडे जातं, बाहेरच्या क्षेत्राच्या सोबत, म्हणून तिथे रेषांची गर्दी. पायाकडच्या बाजूला डावीकडे जातं, बाहेरच्याच्या विरुद्ध, तिथे विरळ. तार गर्दीतून विरळीकडे ढकलली जाते, म्हणजे पायाकडे. इंदूरच्या सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, अकराला उभे राहून बघा, कुठे ढकलले जाता ते.

परीक्षेत मात्र डाव्या हाताचा नियमच लिहा, तपासणाऱ्याला तो ओळखीचा असतो. गर्दीची आकृती कच्च्या कामाच्या कोपऱ्यात.

हे सगळं करूनही उलटंच येत असेल, तर शिक्षकांना दाखवताना नुसतं उत्तर नेऊ नका. आकृतीवर दोनच बाण काढून न्या, एक धारेचा आणि एक क्षेत्राचा, आणि प्रत्येकापाशी लिहा की तो कशावरून काढला: सेलचं धन टोक, ध्रुवाचं अक्षर, फुली, की इलेक्ट्रॉन उलटवून. प्रयोग असेल तर फोटोत सेलची टोपी दिसली पाहिजे. आणि होकायंत्राला सावली दाखवली होती की नाही, तेही लिहा.